आईला मैदानावर बोलावलं

क्लबचे सचिव म्हणाले, "बाई, चप्पल निकालिए."

आईने चपला काढल्या. चुन्याच्या रेषेबाहेर नीट जोडून ठेवल्या. तिला वाटलं, सत्काराआधी पायातलं काढायचं असतं, देवळात काढतात तसं. पदर सारखा केला आणि अनवाणी उभी राहिली. हसलीसुद्धा.

सचिव म्हणाले, "अरे, हाथ में लीजिए. और लगाइए इसको."

आई अजून हसतच होती. तिला कळलंच नव्हतं.

मी तिच्यासमोर उभी होते. सोळा वर्षांची, क्लबच्या जर्सीत. माझ्यामागे कबड्डीची सगळी टीम रांगेत उभी केलेली. आईच्या अंगावर भाचीच्या लग्नात आहेरात आलेली साडी. तिची घडी तिने त्या दिवशी पहिल्यांदा मोडली होती. हातात पेढ्यांचा डबा. शाहपूरहून बुऱ्हाणपूरला येताना बसमध्ये तो तिने मांडीवर धरून आणला होता. कारण आम्ही खंडव्याहून जिंकून आलो होतो आणि आदल्या संध्याकाळी क्लबमधून तिला फोन आला होता. "कल सुबह मैदान पे आइए, सेठजी ने बुलाया है." एवढंच. मागच्या खेपेला आम्ही जिंकलो तेव्हा असंच बोलावून काही पालकांना शाल-नारळ दिला होता. त्यात आई नव्हती. यंदा आपला नंबर लागला, असं ती शेजारीपाजारी सांगून निघाली होती.

सेठजी म्हणजे क्लबचे अध्यक्ष. बुऱ्हाणपुरातले केळीचे मोठे व्यापारी. शाहपूरच्या वाटेवर त्यांची बाग आहे. त्या बागेच्या पॅकिंग शेडमध्ये आई केळी धुवायला, खोक्यात भरायला जायची. माझं खेळणं त्यांच्या मर्जीवर, आमची चूलही त्यांच्याच मर्जीवर. हे सचिवांना माहीत होतं, म्हणून तर आवाज चढवायची त्यांना गरज पडली नाही.

आता मी काय केलं होतं ते सांगते. सांगायला लाजत नाही. खंडव्याला फायनल जिंकल्यावर संध्याकाळी धर्मशाळेच्या गच्चीवर आम्ही दोघी बिअर प्यायलो. मी आणि रिद्धी. रिद्धी म्हणजे सेठजींची मुलगी, आमच्याच टीममध्ये होती. बाटल्या तिच्या बॅगेतून निघाल्या. माझी ती पहिली वेळ होती, तिची नव्हती. मग आम्ही आरडाओरडा केला आणि रिकामी बाटली मी खाली भिरकावली. खाली उभ्या गाडीची काच फुटली. धर्मशाळेच्या मॅनेजरने दोघींना पकडलं. चूक होती. नव्हती असं मी कधीच म्हटलं नाही. रिद्धी म्हणाली, "टेन्शन मत ले, पापा देख लेंगे." मी मूर्ख. मला वाटलं, दोघींचं बघतील.

पापांनी बघितलं. मी मैदानात उभी होते तेव्हा रिद्धी क्लबच्या ऑफिसात खुर्चीवर बसली होती. खिडकी उघडी होती. सेठजी, रिद्धी आणि आमचे कोच सर, चहा चालला होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. शाळेत ही म्हण पाठ केली होती, पेपरात वाक्यात उपयोगही केला होता. कार्टं कोण ते त्या दिवशी कळलं.

सचिवांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "इसने खंडवा में शराब पी. इनके घरों में तो चलता है ये सब. क्लब में नहीं चलेगा."

माझा बाप केळीचे ट्रक भरतो. तंबाखूसुद्धा खात नाही. पण 'इनके घरों में' म्हटलं की त्यात आमची वस्ती आली, आमची जात आली, सगळं आलं. जातीचं नाव घ्यावं लागलं नाही. रांगेतल्या प्रत्येकीला समजलं. दोघी-तिघींनी खाली बघितलं, बाकीच्यांनी माझ्याकडे.

आईचं हसू तेव्हा गेलं. ती म्हणाली, "सायेब, पोरगी चुकली आसन. घरी समजावते मी तिले. इथं नका."

"नहीं बाई, यहीं. हम थोड़े ही मारेंगे किसी के बच्चे को. माँ-बाप का काम है." मग अगदी सहज विचारल्यासारखं, "बाग में ही काम करती हो ना?"

आई वाकली. एक चप्पल उचलली.

पहिली खांद्यावर, हलकीच. सचिव म्हणाले, "ऐसे नहीं." मग तिने मारलं. पाठीवर, दंडावर, एक गालावर बसली. ती माझ्याकडे बघत नव्हती, मातीकडे बघून मारत होती. मी हलले नाही. मला दुखत नव्हतं. लाज वाटत होती, आणि खरं सांगते, त्या क्षणी ती स्वतःपेक्षा आईची जास्त वाटत होती. ही बाई इथे नटून कशाला आली? फोनवर विचारायचं नाही का, कशाला बोलावलंय म्हणून? शिपायाने पेढ्यांचा डबा उचलला आणि चहा चालला होता तिकडे नेला.

परतताना बसमध्ये आई एकच वाक्य बोलली. "खेळणं सोडू नको."

हा क्लबचा रिवाज होता. खेळाडू मैदानाबाहेर चुकला की घरच्यांच्या हातून मैदानावर मार. कागद कारखान्यात ठेक्यावर काम करणाऱ्या एका बापाने आपल्या पोराला इथेच पट्ट्याने मारलं होतं, माझ्याआधी. क्लबचे हात स्वच्छ. शिस्तही झाली, टीमला धडाही मिळाला, आणि मारणारा आपलाच, तेव्हा तक्रार कोणाची करणार? कोणाच्या घरच्यांना मैदानावर बोलवायचं आणि कोणाच्या घरच्यांना ऑफिसात, हे मात्र विचारावं लागत नव्हतं.

मी खेळत राहिले. सचिव नव्या मुलींना मला दाखवून सांगायचे, "इसको देखो. एक बार पड़ी, सीधी हो गई." कसली सीधी? त्यानंतरही मी प्यायले. दोन-तीनदा. फक्त बाटली फेकली नाही आणि कोणाला दिसले नाही. त्या मारातून मी लपायला शिकले, दुसरं काही शिकले नाही. का प्यायलीस, कोणाबरोबर, घरी काय चाललंय, असं एका माणसाने विचारलं नाही. पुढे मी सोडली ती माझी मी सोडली. त्याचं श्रेय क्लबने घेऊ नये.

आणि रिद्धीला चहा मिळाला म्हणून तिचं भलं झालं, असंही नाही. ती पीतच गेली. खेळ सुटला, मग तिला इंदोरला पाठवून दिलं. जायच्या आधी एकदा मैदानाच्या नळावर भेटली तेव्हा म्हणाली, "तुझे मार पड़ी, मुझे चाय मिली. पूछा तो मुझे भी किसी ने नहीं, यार." खरं बोलली. मला तिची कीव आली नाही. आजही येत नाही. पण खरं बोलली.

मी राज्यापर्यंत खेळले. कोचिंगचा कोर्स केला. जुने सर गेले आणि मुलींची टीम माझ्याकडे आली. सचिव तेच, सेठजी तेच. "अपनी ही बच्ची है," सेठजी म्हणाले. हार घातला. मीही मान वाकवून घालून घेतला.

यंदा दिवाळीनंतरची गोष्ट. जसोंडी गावची पूजा, पंधरा वर्षांची, माझी सगळ्यात चपळ रेडर. बस स्टँडवर तिने शाळेतल्या एका मुलीला झिंज्या धरून मारलं. कुर्ता फाडला. कोणीतरी व्हिडिओ काढला. पूजाच्या अंगात क्लबची जर्सी. दुपारपर्यंत अख्ख्या बुऱ्हाणपुरात मोबाइलवर फिरला.

सचिवांनी मला ऑफिसात बोलावलं. "उसकी माँ को फोन लगा. कल सुबह मैदान पे."

मी विचारलं, "क्या बोलूँ?"

"कुछ मत बोल. बोल, सेठजी ने बुलाया है. तू मराठी में बोलेगी तो खुशी-खुशी आएगी." मग हसले. "वजह बता दो तो आते कहाँ हैं ये लोग? सत्कार समझ के आते हैं. अच्छे कपड़े पहन के."

मी तिथेच उभी राहिले.

म्हणजे ठरवून. आईला आलेला तो फोन ठरवून अर्धा होता. इतकी वर्षं मी आईला भोळी समजत आले. नटूनथटून अपमान करून घ्यायला गेलेली अडाणी बाई. मनातल्या मनात तिच्यावर चिडत आले, दुसऱ्या खेळाडूंच्या आया बघून तिची लाज धरत आले. ती भोळी नव्हती. तिला फसवून आणलं होतं. तिचा आनंदसुद्धा त्यांनीच तिच्या हातात ठेवला होता, हिसकावण्यासाठी. मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं, आणि त्याआधी त्यांच्या.

मी म्हणाले, "नहीं लगाऊँगी."

"मतलब?"

"पूजा की माँ मैदान पे नहीं आएगी. किसी की भी माँ नहीं आएगी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. तोच सहज आवाज. "तेरी माँ अभी भी बाग में है ना?"

मी बाहेर पडले.

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. फोनचं, हसण्याचं, धमकीचं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "तवा मी तुले मारलं नसतं, तं त्यानं तुले खेळू देल्लं असतं का?" मग म्हणाली, "बाग त्याची हाय. हात तं माहेच हायेत ना? दुसऱ्या शेडमधी जाईन." आणि भाकरी तव्यावर टाकली.

त्याच संध्याकाळी जसोंडीला गेले. पूजाच्या आईला खरं काय झालं ते सांगितलं, व्हिडिओ दाखवला. मग पूजाला ओट्यावर घेऊन बसले. का मारलंस, विचारलं. ती म्हणाली, मी मोबाइलवर माझा हाफ पँटमधला फोटो टाकला होता, ती मुलगी त्यावर घाणेरडं बोलली. आणि मग म्हणाली, "मॅडम, मले राग आला का मले काहीच दिसत नाही. घरी बी असंच व्हते. मले माहंच भेव वाटते."

पंधरा वर्षांच्या पोरीला स्वतःचीच भीती वाटते. हे एक वाक्य ऐकायला क्लबमध्ये आजवर कोणाला सवड झाली नव्हती.

मी तिला सांगितलं, उद्या मी तुझ्याबरोबर त्या मुलीच्या घरी येईन, तू तिच्या दारात माफी मागशील. रागाचं काय करायचं ते आपण बघू, जिल्हा रुग्णालयात समजावणारे आहेत, मी घेऊन जाईन. प्रॅक्टिसला रोज यायचं. आणि पुढच्या टूर्नामेंटमध्ये तू बाहेर बसायचं.

तेव्हा ती रडली. "त्याच्यापेक्षा मारा ना मॅडम. माय मारते तशी. झालं मंग."

नाही. मार खाऊन सुटायचं नाही. मारात मारणारा मोकळा होतो आणि खाणाराही. केलेलं तसंच राहतं. मी तिला सुटू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या दारात तिने माफी मागितली. टूर्नामेंटमध्ये आम्ही तिच्यावाचून हरलो. त्याचा ठपका माझ्यावर आला, तो मी घेतला.

आई बागेतून गेली. तिला काढायच्या आधी तीच गेली. क्लबने मला निरोप पाठवला, शिस्त बिघडवते म्हणून तुझी गरज नाही. मुलींच्या घरी फोन गेले, नवीन कोच येणार, हिच्याकडे पाठवू नका. काही मुली यायच्या बंद झाल्या. काहींना घरच्यांनी स्वतः माझ्याकडे आणून सोडलं. पूजाच्या आईने सगळ्यात आधी.

सचिव परवा गेटवर भेटले. म्हणाले, "क्लब के बिना तू क्या है?" मी म्हणाले, "कोच."

आता नियम मी सांगते. चुकलेली पोरगी माझी आहे, जिंकलेली असते तेवढीच. तिला विचारलं जाईल. तिला भरपाई करावी लागेल. तिचं खेळणं थांबेल, येणं थांबणार नाही. आणि उद्या सेठजींची नात आली तरी तिला हेच, ना चहा ना चप्पल. कोणाच्या आईबापाला कारण न सांगता बोलावणार नाही, आणि कोणाला स्वतःच्या पोरावर हात उचलायला लावणार नाही.

क्लब त्यांचा आहे. जर्सी त्यांची, ती आम्ही परत केली. मैदान नगर निगमचं आहे, म्हणजे सगळ्या गावाचं. रोज सकाळी सहाला मी रेषा आखते आणि पोरी येतात. ज्याला अडवायचं असेल त्याने सहाला यावं.