अमावास्येचं औषध

सिव्हिल लाइन्समधल्या जनावरांच्या दवाखान्यात मी लीद तपासायचे, तेव्हा लक्ष्मी गेटचा एक टांगेवाला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आत येण्याआधी तो घोडीच्या कपाळावर हात ठेवून तिच्याशी काहीतरी बोलायचा, जणू तिची परवानगीच घ्यायचा.

दर अमावास्येला तो तिला जंतांचं औषध पाजायचा. वडिलांपासूनचा नेम. तरी घोडी खंगत चालली होती. औषधाआधीची आणि दोन आठवड्यांनंतरची लीद मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. जंतांची अंडी होती तेवढीच होती.

"भैया, बार-बार देने से कीड़े पक्के हो गए. अब ये दवा उन पर चलती नहीं."

तो खिन्न हसला. "दवा रोज़ की मेहमान हो गई, दीदी. अब इसके आने पर कौन उठेगा?"

डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, ते लागू पडलं. पण त्यांनी बजावलं, यापुढे आधी तपासणी, गरज असेल तरच औषध. हेही निकामी झालं तर तिसरं आमच्याकडे नव्हतं.

पुढच्या अमावास्येला तो मिठाईच्या डब्यात लीद घेऊन आला. अंडी जवळपास नव्हतीच.

"आज दवा नहीं देनी," मी आनंदाने सांगितलं.

तो मान हलवून बाहेर गेला. काही न करणंही कधी कधी माया असते, हे त्याला कसं सांगावं मला कळेना. खिडकीतून दिसलं, तो घोडीच्या कपाळाला कपाळ टेकवून उभा होता.

"माफ़ करना, बेटी. आज तेरे लिए कुछ नहीं कर पाया."