वैशाखात हिना

आमचे हे, रखमाजी, वाटूरचे. धंदा शेतीचा, पण गाव बोलावणार अत्तरासाठी. साखरपुडा असो का लग्न, अत्तर पारखून आणायचं यांनी अन् पाहुण्यांच्या हातावर लावायचं बी यांनीच. मला त्याचा लय वैताग. हिनाचं अत्तर लावलेला माणूस दारात यायच्या आधी त्याचा वास चुलीपर्यंत येतो!

हिना गरम. ती थंडीत लावायची. उन्हाळ्यात खस न्हाईतर मोगरा. एवढं तर आमच्या म्हशीला बी ठाऊक. अन् या माणसानं वैशाखात, सर्जेरावच्या घरच्या साखरपुड्यात, वर पत्रे तापलेले असताना, खसची बाटली समजून सगळ्यांना हिना लावली! जो तो डोकं धरून बसला. एक म्हातारा तर उठून हात धुवायला गेला. लोकांना वाटलं, रखमाजीनं गंमत केली.

मी घरी आल्यावर दार लावलं. "खरं सांगा, वास येत न्हाई ना तुम्हाला?"

हे खाटेवर बसले. "मागं तो मोठा ताप आला होता ना, त्यात गेला, तो आलाच न्हाई. तुझ्या फोडणीचा बी येत न्हाई."

म्हणजे इतके दिवस करपलेली भाजी गुपचूप खात होते, अन् मी समजत होते, माणूस सुधारला! हसावं का रडावं कळंना.

"कुणाला सांगू नको, नंदा," म्हणाले. "अत्तराला बोलावलं न्हाई, तर मला गावात विचारतं कोण?"

मंग थंडीत गावातल्या भागवतच्या लेकीचं, रूपालीचं, लग्न निघालं. भागवत घरी आला. "भाऊ, हिनाच पाहिजे. पण तुमच्या पसंतीची." हे हो म्हणाले. मी कपाळावर हात मारला अन् यांच्यासंग जुन्या जालन्याला निघाले.

दुकानातल्या चाचांनी काचेच्या काडीनं यांच्या दोन्ही हातांवर वेगवेगळी हिना लावली. यांनी डोळे मिटून असा काही वास घेतला की काय सांगू, नाटकी कुठले! "फिरून येतो, चाचा," म्हणाले. त्यात नवल न्हाई, यांची रीतच ती. बाटलीतला पहिला वास फसवतो म्हणे. अंगाच्या उबेनं अत्तर मुरलं की मंगच पारखायचं.

गल्लीत कापडाच्या दुकानाबाहेरच्या गाठोड्यांच्या आडोशाला यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "बोल."

ज्या वासाला जन्मभर शिव्या घातल्या, तोच मी हुंगून राह्यले.

"ह्यात नुसती लवंग. दाढेच्या औषधावाणी."

"अन् ह्यो?"

"ह्यो आधी तिखट लागतो. मंग केशर येतं." मी परत हुंगलं. "आपल्या लग्नात तुमच्या कोटाला येत होता, तसा आहे."

यांनी रस्त्यावरच्या ऑटोंकडं तोंड फिरवलं. म्हणाले, "मंग हाच घ्यायचा."

लग्नात भागवतनं अत्तर लावलेला आपला हात हुंगला अन् सगळ्यांदेखत ओरडला, "वा भाऊ! काय नाक आहे!" माझा जीव भांड्यात पडला. तर हे म्हणतात कसे, "माझं नाक कवाच गेलं, भागवत. हे नंदानं निवडलंय."

अन् हे बाटली घेऊन सरळ बायकांच्या बाजूला माझ्यापाशी आले. आमच्याकडं बायकांना हळदीकुंकू, अत्तर पुरुषांना.

"अहो, कशाला सांगितलं?" मी दात खाऊन बोलले. "झाकलं होतं की सगळं!"

"किती दिवस आडोशाला उभं करू तुला?" म्हणाले अन् बाटली माझ्या हातात दिली.

भागवतच्या बायकोनं, दैवशालानं, पहिला हात पुढं केला. तिच्यामागं बाकीच्या बायका आल्या. मी एकेकीला लावत गेले. सगळ्यांचं झाल्यावर यांनी आपला हात पुढं केला.

"लाव."

वास येत न्हाई, अन् तरी लाव म्हणे! मी लावलं. जरा जास्तच लावलं.