कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

समस्त भावकीस आणि गल्लीस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की नव्वदच्या दशकात आमची अर्धी गल्ली जळून खाक होणार होती, आणि हा धोका सगळ्यांत आधी ओळखणारा पुरुष मी होतो. बाकी कोणी मान्य केलं नाही, तो भाग वेगळा.

धुळ्याजवळच्या आमच्या गावात माझं आणि थोरल्या भावाचं घर एकाच भिंतीला टेकून होतं. वरचं मातीचं धाबंही सलग. गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही माझा. संध्याकाळी माझ्या ओट्यावर चपलांचा ढीग पडायचा आणि मी पाटलासारखा मधोमध बसायचो. मग भाऊंनी धुळ्याच्या देवपुरातून कॉम्प्युटर आणला आणि लग्नाच्या पत्रिका जुळवून द्यायला लागले. चपलांचा ढीग एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर गेला. लोक माझ्या दारावरून जाताना मान वळवेनात.

कॉम्प्युटरला थंडावा लागतो, असं विकणाऱ्याने सांगितलेलं. घरातली सगळ्यात थंड खोली म्हणजे भाव वाढायची वाट बघत कापूस भरून ठेवलेली खोली. तिथेच त्याची स्थापना झाली. कापसाचे तंतू आत जाऊ नयेत म्हणून वरून गोधडी. आणि बंद कधीच करायचा नाही, केला तर आतलं सगळं पुसलं जाईल म्हणे. भाऊ-वहिनी शेतात गेले तरी बाहेरून कुलूप आणि आत यंत्र घरघरतंय! भिंतीला कान लावला की मला स्टॅबिलायझरची टकटक ऐकू यायची. जेवण जाईना.

"भाऊ, कापूस शे तठे," मी रोज सांगायचो. "एक ठिणगी पडनी ते?"

"तुले काय समजस त्यामझारलं?" भाऊ म्हणायचे. "बंद कयं ते बठ्ठं पुसाई जाई."

"घर पुसाई जाई त्यानं काय?"

यावर भाऊ नुसतं हसायचे. ते हसणं मला कॉम्प्युटरपेक्षा जास्त झोंबायचं.

एके दिवशी भाऊ-वहिनी जळगावला लग्नाला गेले. दुपारी मला धुराचा वास आला. अहाहा! म्हणजे, अरेरे! मी गल्लीत उभा राहून असा ओरडलो की वेशीवरची माणसं धावत आली. कुलूप तोडलं. बादल्या घेऊन आत शिरलो. कापूस पांढराशुभ्र, आग कुठेच नाही. तेवढ्यात मागून माझी बायको आली, हातात काळंठिक्कर वांगं.

"आवो, धूर मना शे! परसमा भरीतकरता वांगा टाक्यात मी!"

गल्ली हसली. पण मी हार मानणारा नव्हतो. मोठ्या रुबाबात गोधडी ओढली. पेटी तव्यासारखी तापलेली. आणि समोर, काळ्या पडद्यावर, चांदण्या एकामागून एक अंगावर धावून येत होत्या.

बादल्या खाली ठेवल्या गेल्या. हळूहळू सगळे कापसावर बसले. मी सगळ्यात पुढे.

ऊन उतरता भाऊ परतले. तुटलेलं कुलूप, कापसात रुतलेली गल्ली आणि पडद्यासमोर मांडी घालून बसलेला मी. आता थप्पड पडणार, असं वाटलं. पण त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. गोधडी उलटी करून बघितली. आतून ती ताटलीएवढी करपली होती.

भाऊंनी गोधडी बाजूला टाकली. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "तू खरं सांगत व्हता. आते घरमाईन निंघताना बंद करसू. पुसाई जाई ते जावो."

झालं! इतक्या दिवसांचा माझा लढा फत्ते. शेजारी माझ्याकडे आदराने बघू लागले. बायकोसुद्धा. आता दोन मोठे शब्द बोलावेत म्हणून मी छाती फुगवली, तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते हे:

"नही भाऊ, चालूच ऱ्हाऊ द्या! मी बससू ना राखाले!"