काळा पंजा

वारंगा फाट्यावर पंक्चर काढणारे एक काका आहेत. हात कायम ग्रीसने काळे, म्हणून कुणी हात मिळवायला आलं की ते मनगट पुढे करतात.

एकदा एका मोठ्या नटाची गाडी त्यांच्याकडे थांबली. चाक बदलून झाल्यावर काकांनी सवयीने मनगट पुढे केलं, तर नटाने सरळ पंजाच धरला. कॉलेजच्या बसची वाट पाहताना ही हकिगत मी कितीदा तरी ऐकली. दरवेळी शेजारचा चहावाला विचारायचा, "फोटो कुठंय?"

"अशा हातानं मोबाईल कसा काढू?"

"एवढा मोठा माणूस तुमचा काळा हात काहून धरल, काका?"

मग काका ट्यूब पाण्यात बुडवत.

मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. पेढे घेऊन फाट्यावर गेलो. काकांनी मनगट पुढे केलं. मी पंजाच धरला. माझ्या नव्या शर्टाची बाही काळी झाली.

काका चहावाल्याकडे वळून ओरडले, "बघून राहिला ना? बराबर असाच धरला होता!"

चहावाल्याने एक पेढा उचलला आणि काकांच्या तोंडात घातला.