तालुक्यात आता एकबी न्हाई

बाळूनं गाडी काडली तवा आंगनात आमी चौघं व्हतो. मी, माझी धाकटी जाऊ गया, तिचा लेक बाळू आन् सून रेखा. गया गेली त्येला आता सव्वा महिना झाला. मी सांगते, रेखा लिवून घेते. मला एका जागी बसवत न्हाई, म्हनून उठून उठून सांगते...

आमी धारूरच्या डोंगरकडंला मेंढरं राखनारी मानसं. आमच्यात मेंढरू खोकललं की आदी त्येच्याकडं बगत न्हाईत. आदी इचारतेत, ह्या शिवारात रोग हाय का? आसला तर मेंढरू येगळं बांदायचं. नसला तर म्हनायचं धूळ गेली आसंल, आन् पुढं हाकायचं. मानसाचंबी आमी तसंच केलं.

कोरोना आला तवा रेखा रोज सकाळी फोनवर तालुक्यातल्या कोरोनाच्या रोग्यांचा आकडा वाचायची. आकडा वाढला की गयाचं आंग दुखायचं, घसा धरायचा. गोधडी घिऊन पडायची. दोनदा तपासलं, काईच निगालं न्हाई. मी म्हनायची, "गये, तुला फोनातून ताप येतुया." ती म्हनायची, "आक्का, तुमालाबी येतुया, तुमी सांगत न्हाई." खरंच व्हतं ते. आकडा ऐकला की माझाबी घसा खवखवायचा.

मंग आकडा उतरला. गया उठली, गोधडी उनात टाकली, काढ्याचं पातेलं घासून पालतं घातलं. मेंढरामागं जाया लागली. पर चढावर दोनदा बसायची. पाय सुजले व्हते. आडवं पडलं की दम लागायचा, म्हनून भिताडाला टेकून निजायची. म्या बगितलं न्हाई आसं न्हाई... बगितलं व्हतं. बाळू म्हनला, आईला धारूरला दाखवून आनतो. म्याच आडवलं. त्याच सकाळी रेखानं आकडा वाचला व्हता.

"तालुक्यात आता एकबी न्हाई," मी म्हनले. "तुला कावून व्हईल काई? धूळ गेली आसंल."

गयानं पदर खोचला. "व्हय आक्का, धूळच आसंल," म्हनली, आन् काठी घिऊन निगाली. माझा शबूद तिनं कवा मोडला न्हाई. बाळूनं गाडी परत लावली.

आठ दिसानं चढावर बसली, ती उठली न्हाई. बाळूनं पाठीवर घिऊन खाली आनली. धारूरला नेली तवा डाक्टर म्हनला, कोरोना न्हवता, काळीज लई दिसापासून थकलं व्हतं, आदी कावून आनलं न्हाई? बाळूनं माझ्याकडं बगितलंबी न्हाई. आजून काई बोलला न्हाई. बोलला आसता तर बरं झालं आसतं. ही वळ लिवताना रेखाचा हात थांबला. मी म्हनले, लिव.

वाचनारांनो, तुमच्या घरात कोन दम लागून बसलं, तर गावात काय हाय, फोनात काय हाय, ते मागून इचारा. आदी त्येचे पाय बगा. ते काई न्हाई म्हनलं तरी दवाखान्यात न्या. आन् घरातलं म्हातारं मानूस आडवं आलं, तर त्येचं ऐकू नका.