बाबांची कंबर आणि माझं जपान

मी जपानला वर्षभर राहून जपानी शिकून आले, आणि जाण्याआधी एका जपानी प्राध्यापकांसमोर माझ्या वडिलांना लाथ मारली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लोक फक्त दुसरीच ऐकायला मागतात.

आमच्या खानदानात कॉलेजात जाऊन डिग्री घेऊन बाहेर पडलेली मी पहिली. (हे मी न विचारता सांगते. विचारलं तर दोनदा सांगते.) डिग्री जपानी भाषेची. त्यावर विश्रांतवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत बसून मामानं विचारलं होतं, "जपानी शिकून तू करणार काय?"

"जपानी बोलणार."

"कुणाशी? आळंदी रोडला?"

मामाच्या मते भाषा एकच, कॉम्प्युटरची. माझ्या मते मामाला तीही येत नव्हती. पण तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते आणि त्याला तोंडावर पाडायची संधी चालून आली होती: पास झाल्यावर एक वर्ष जपानच्या विद्यापीठात! निवड जवळजवळ झालीच होती. तिथले सेन्सेई (म्हणजे सर, पण सरांना घाबरतो त्याच्या दुप्पट घाबरायचं) पुण्यात आले होते. मुलगी वर्षभर परक्या देशात राहणार, तर घरच्यांची मनापासून संमती आहे ना, हे ते घरी येऊन बघणार होते. घरचे कचरले की जागा दुसऱ्याला. तो दुसरा माझ्याच बाकावर बसायचा आणि रोज माझ्या घरच्यांची चौकशी करायचा.

म्हणून मी घरच्यांचा वर्ग घेतला. सांगितलं, जपानी माणूस कमरेत वाकून नमस्कार करतो, आपणही वाकायचं. बाबांनी पेपर खाली ठेवला. बाबा हिंजवडीला कंपनीची बस चालवतात, म्हणजे दिवसातला बराच वेळ ट्रॅफिकमध्ये नुसते बसतात. त्यामुळे कंबर नाजूक आणि मतं ठाम.

"आपण वाकायचं सोडलंय," ते म्हणाले. "तुझ्या आज्यानं जन्मभर वाकून घेतलं. आता वाकायचं ते फक्त विहारात."

यावर विनोद करण्यासारखं काही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "बाबा, आधी ते वाकतात."

"कुणापुढं?"

"तुमच्यापुढं."

"प्रोफेसर? ड्रायव्हरपुढं?"

"हो."

बाबांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मग आपण कमी पडायचं नाही."

इथं मी थांबायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाला थांबता येत नाही. मी पुढचा नियमही सांगून टाकला: समोरचा मानानं मोठा असेल, तर त्याच्याआधी सरळ व्हायचं नाही.

रविवारी सेन्सेई आले. दारात बूट काढून, टोकं बाहेरच्या बाजूला करून नीट जोडून ठेवले. आईनं त्या बुटांकडे पाहिलं, मग मामाच्या चपलांकडे, मग मामाकडे. सेन्सेई आत येऊन खाट आणि फ्रिज यांच्या मधल्या जागेत उभे राहिले आणि वाकले. बाबाही वाकले.

सेन्सेईंच्या लेखी बाबा मोठे, कारण मुलीचे वडील. बाबांच्या लेखी सेन्सेई मोठे, कारण गुरुजी. सरळ कुणीच होईना! सेन्सेईंनी हळूच वर पाहिलं, बाबा अजून खालीच, म्हणून ते आणखी खाली गेले. बाबांनी ते पाहिलं. कमी पडायचं नाही, हे ठरलेलंच होतं. दोघांची डोकी फ्रिजच्या खालच्या कप्प्यापर्यंत आली.

"काही हरवलंय का?" मामानं खाटेवरून विचारलं.

शेवटी आई म्हणाली, "अहो, पोहे गार होतायत." मराठी न कळताही सेन्सेई सरळ झाले. बाबा झाले नाहीत.

"अहो, उठा आता."

"उठता आलं असतं तर उठलो नसतो का?"

कमरेत उसण भरली होती. आणि यजमान अजून वाकलेलेच आहेत हे पाहून सेन्सेई घाईघाईनं पुन्हा वाकले.

काय झालंय ते जपानीत सांगणं माझं काम होतं. मला वाचनाची आवड आहे, स्टेशन कुठे आहे, वसंतात फुलं फुलतात, हे सगळं मला अस्खलित येत होतं. उसण कुठल्याच धड्यात नव्हती.

तेवढ्यात आईला आठवलं, "अगं, तू पायाळू ना!" जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्यानं कमरेवर हलकी लाथ मारली की उसण जाते, असं आपल्याकडे म्हणतात. मी आईला बाणेदारपणे सांगितलं की ही अंधश्रद्धा आहे आणि आपल्या घरात ती मानत नाहीत.

"मानत नाही," फ्रिजच्या बाजूनं बाबांचा आवाज आला. "पण मार."

मी सेन्सेईंकडे पाहिलं. घरातली माया बघायला आलेल्या माणसासमोर बापाला लाथ मारायची! मला माझ्या बाकावरचा तो मुलगा बॅग भरताना दिसायला लागला. पण बाप वाकलेला ठेवून मी जपानला जायचं? जमणार नाही. गेलं जपान तर गेलं. मी पाय उचलला आणि दिला ठेवून!

कट्ट आवाज झाला. बाबा सरळ झाले. नेमकं तेव्हाच सेन्सेईंनी डोकं वर काढलं, आणि त्यांना हवेतला माझा पाय दिसला.

हे काय होतं, असं त्यांनी विचारलं. होतं नव्हतं ते सगळं जपानी गोळा करून मी म्हणाले, "मी पायांकडून जन्मले. म्हणून वडिलांना लाथ मारते. वडिलांना बरं वाटतं." बाबा माझं जपानी ऐकून अभिमानानं प्रत्येक शब्दाला मान हलवत होते.

सेन्सेईंनी माझ्या पायाकडे आणि सरळ झालेल्या बाबांकडे पाहिलं. मग त्यांनी बाबांना विचारायला सांगितलं, मुलीला वर्षभर पाठवायला मनापासून तयार आहात ना?

"सांग त्यांना," बाबा कंबर चोळत म्हणाले, "जी घरात आली तीच पाय पुढं टाकून, तिला कोण थांबवणार?"

सेन्सेईंनी पोहे दोनदा घेतले. मी जपानला गेले.

तिथल्या हिवाळ्यात पुस्तकांचं खोकं उचलताना सेन्सेईंची कंबर धरली. त्यांनी डॉक्टरांच्या आधी मला बोलावलं. सगळा विभाग वाकून बघत होता, सेन्सेई तर होतेच वाकलेले.

परत आल्यावर मामानं विचारलंच, "मग? जपानी शिकून काय केलंस?"

"प्रोफेसरांना लाथ मारली."

 आता मी घरीच जपानीच्या शिकवण्या घेते. विद्यार्थी दोन आहेत. रविवारी मात्र दाराबाहेर रांग असते, सगळे कंबर धरून, आणि मामा पहिला.