माझंच गाणं, तिच्या पट्टीत

आमच्या बँडमध्ये मी अकरा वर्षं गात होतो. बँड म्हणजे वरातीतला नव्हे. स्टेजवर उभं राहून गाणी म्हणणारे आम्ही पाच जण. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधल्या एका खोलीत रविवारी सकाळी तालीम, एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, बाकी वर्षभर लग्नं, नामकरणं, कॉलेजांची गॅदरिंग. संच उभा केला काकांनी; नात्यानं कुणाचेच नव्हेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. ते रेल्वेत तिकीट खिडकीवर नोकरीला, स्टेजवर कीबोर्डला. ढोलकीवर माझा शाळेपासूनचा दोस्त.

मग मी एकट्याचं एक गाणं केलं. ‘तुझी एसटी चुकली का गं’ एवढीच त्याची मुख्य ओळ. परभणीच्या स्टँडवर बसल्या बसल्या सुचलेली. काकांना ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, आपल्या स्टेजचं न्हाई हे, पण चांगलं हाय, तू कर. नांदेडच्या एका स्टुडिओत मी ते रेकॉर्ड केलं. शूटिंग झरीजवळच्या एका कापसाच्या रानात झालं, भर उन्हात जाड जाकीट आणि काळा चष्मा घालून. गाणं मोबाईलवर असं पळालं की महिनाभरात भाजीवालीनंही मला ओळखलं. पण या भानगडीत माझे तीन रविवार चुकले.

चौथ्या रविवारी तालमीला गेलो तर माइकसमोर एक मुलगी बसलेली. झरीची, परभणीला बीए करणारी. तिच्या मांडीवर माझी गाण्यांची वही. काकांनी ओळख करून दिली आणि म्हणाले, आता तुला मोकळीक पाहिजे, तुझ्या जागेवर ही गाईल. मी म्हणालो, बरं झालं. तेवढंच म्हणालो. मुलीनं वही परत करायला हात पुढं केला, तर मीच म्हणालो, राहू दे. चहा घेतला, दोन गाणी ऐकली. ती बरी गात होती. चपला घालताना मागून कुणी थांब म्हणेल असं वाटत होतं, पण आत तिसरं गाणं सुरू झालं होतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं कणीक मळता मळता विचारलं, ‘‘तुमाला काढलं का तुमी सोडलं?’’ मला सांगता आलं नाही. ती म्हणाली, आठवून बघा, कोण आधी काय बोललं ते. मी आठवून बघितलं. काकांचा आवाज प्रेमाचा होता असं एकदा वाटे. दुसऱ्यांदा वाटे, कुणाला काढतानाही माणूस असाच गोड बोलतो.

एकट्याचा पहिला कार्यक्रम परभणीच्या एका कॉलेजात झाला. वाजवणारं कोणी नाही, पेनड्राइव्हमधल्या ट्रॅकवर गायचं. बँडमध्ये असताना माझा श्वास तुटला की ढोलकी तेवढी जागा भरून काढायची. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या कडव्याला मी अर्धी ओळ मागं राहिलो आणि सवयीनं ढोलकीकडं बघायला वळलो, तर मागं नुसता पडदा. पोरांना काही कळलं नाही, तीच मोठ्यानं गात होती. तेच गाणं मी तीनदा म्हटलं, कारण माझ्या एकट्याचं म्हणावं असं दुसरं गाणंच नव्हतं. बाकीची गाणी बँडची. त्यातल्या निम्म्यांचे शब्द माझे, चाली काकांच्या. ती मी एकटा म्हणू शकतो का, हे कुणाला विचारावं कळेना. काकांना विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते, आणि त्या ‘हो’चा अर्थ लावत मी पुन्हा आठवडाभर बसलो असतो.

मार्चच्या सुरुवातीला दोस्ताचा फोन आला. ताडकळसला एका लग्नाच्या रिसेप्शनला गायचं होतं आणि बँडमधल्या त्या नव्या मुलीची परीक्षा नेमकी त्याच दिवशी आली होती. म्हणाला, तिच्या जागेवर येतोस का? माझ्याच जागेवर मी बदली म्हणून जायचं होतं. मी लगेच हो म्हणालो, फोन ठेवल्यावर राग आला, आणि राग आला तरी शर्टाला इस्त्री केली.

त्याच्या मोटारसायकलवर, मधे ढोलकी धरून, आम्ही संध्याकाळी ताडकळसला पोचलो. स्टेजवर चढल्यावर नवीनच अडचण. मी काळी दोनमध्ये गातो आणि ढोलकी लावलेली होती त्याच्या बरीच वर, पांढरी पाचला, त्या मुलीच्या पट्टीत. कीबोर्डची पट्टी बटण दाबलं की बदलते, ढोलकीचं तसं नसतं. दुसरी ढोलकी पूर्णेला राहिली होती. काका म्हणाले, बघ जमतं का. मी वर चढवून गायलो. गळ्याच्या शिरा ताणल्या, पण निभावलं.

तासाभरानं समोरून फर्माईश आली, एसटीचं गाणं. मी काकांकडं बघितलं. त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढं धरलं. तिथं माझं गाणं लिहिलेलं होतं, मुलीच्या अक्षरात. जिथं जिथं ‘गं’ होतं तिथं तिनं ‘रे’ केलेलं. बँड जाईल तिथं लोक हे गाणं मागायचे, म्हणून त्यांनी ते बसवलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. ढोलकी सुरू झाली आणि मी समोर लिहिलेलं तसंच म्हणून गेलो, ‘तुझी एसटी चुकली का रे’. लोक हसले. पुढच्या ओळीला मी ‘गं’ म्हणालो, त्याच्या पुढच्या ओळीला पुन्हा ‘रे’. पण दुसऱ्या कडव्याआधी दोस्तानं असा एक तुकडा वाजवला की ते कडवं मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. स्टुडिओत ते असं नव्हतं.

जेवणं झाल्यावर सामान बांधताना मी काकांना बाजूला घेतलं. म्हटलं, ‘‘काका, मी बँडमधी हाय का न्हाई?’’

त्यांनी वायर गुंडाळणं थांबवलं. ‘‘आमाला तेच तुला इचारायचं होतं. तू बरं झालं म्हणलास, वहीबी ठेवून गेलास. आमाला वाटलं, तुलाच जायचं हाय.’’

दोस्त तिथंच उभा होता. तो म्हणाला, ‘‘तू बोलला न्हाईस, आमी इचारलं न्हाई.’’ मी वायरचं दुसरं टोक धरलं.

त्यानंतर मी पुन्हा रविवारी जाऊ लागलो. आता आम्ही सहा जण आहोत. मुलगी आणि मी गाणी वाटून घेतो, आणि माझे एकट्याचे कार्यक्रम असले की ती सगळी म्हणते. ढोलक्या दोन न्याव्या लागतात, त्यावरून दोस्त कुरकुरतो. एप्रिल सगळा बँडला दिला. स्टुडिओवाले त्यावर नाराज झाले. दुसरं एकट्याचं गाणं काढलं, ते फारसं चाललं नाही. त्याचं दुःख झालं आणि थोडं हायसंही वाटलं. असं का, ते मला सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात एक नवीन चाल सुचली. गुणगुणून मोबाईलमध्ये ठेवली आहे. रविवारी तालमीत काढावी म्हणतो, आणि रविवार आला की वाटतं, आधी स्टुडिओत ऐकवावी. अजून कुणालाच ऐकवलेली नाही.